दुपारी फक्त दोन मोटरा

माझा स्वभाव घाईचा आणि काळजीचा. फोन दुसऱ्या रिंगला उचलला नाही, तर तिसऱ्या रिंगपर्यंत माझ्या डोक्यात अँब्युलन्स दाराशी येऊन उभी राहिलेली असते. घरचे हसतात, मीही हसते, पण पोटातला गोळा हसण्यानं जात नाही. असा स्वभाव घेऊन मी कंट्रोल डिझाइनचं काम धरलं, आणि त्यातही नेमका असा कोपरा निवडला, जिथे घाई केली की सगळं बिघडतं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत मी ते नीट लिहिलंही होतं. कळलं मात्र खूप उशिरा, वडिलांच्या ओसरीवर.

मी राहते नागपुरात आणि कामाला जाते कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत. आमची कंपनी लहान आहे, ई-रिक्षाचे चार्जर आणि वीजपुरवठ्याचे डबे बनवते. माझं काम पॉवर फॅक्टरचं. भिंतीतून येणारी वीज लाटेसारखी चढ-उतार करत येते. इलेक्ट्रॉनिक यंत्राला मोकळं सोडलं, तर ते नुसतं शेंड्यावर झडप घालतं आणि उरलेला वेळ गप्प बसतं, पंगतीत जिलेबी आली तेवढ्यापुरतं ताट पुढे करणाऱ्या पाहुण्यासारखं. त्यानं लाइनवर फुकटचा ताण येतो. म्हणून यंत्राला वळण लावावं लागतं, की बाबा, जशी वीज चढेल तसं घे आणि उतरेल तसं कमी कर.

हे वळण लावायला आत दोन राखणदार असतात. एक प्रवाहावर नजर ठेवतो, तो फार चपळ असावा लागतो. दुसरा आत साठवलेल्या चारशे व्होल्टांकडे बघतो आणि एकूण किती घ्यायचं ते ठरवतो. हा दुसरा मुद्दाम संथ ठेवायचा असतो. कारण ते चारशे व्होल्ट कधीच स्थिर नसतात, सेकंदाला शंभर वेळा थोडेसे हलतातच. प्रत्येक हालचालीवर तो धावून गेला, तर पहिल्यानं लावलेलं वळण मोडतो. त्यानं हलणं बघायचं आणि बसून राहायचं. मला माणूस म्हणून नेमकं हेच जमत नाही.

माझे वडील निवृत्त लाइनमन. पारशिवनीच्या पुढे आमचं गाव, गावाच्या शेवटच्या टोकाला आमचं घर. आयुष्यभर खांबांवर चढलेला हा माणूस आता ओसरीच्या दोन पायऱ्या चढून थांबतो, कारण फुप्फुसं साथ देत नाहीत. डॉक्टरांनी दिवसातले बरेच तास ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावायला सांगितला. ते यंत्र हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीनं नाकाशी आणून देतं. पण त्याला सतत वीज लागते, आणि आमच्या घरापर्यंत पोचता पोचता वीज थकलेली असते.

मी म्हटलं, नागपूरला चला. ते म्हणाले, "तिथं येऊन काय करू वं? तुह्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी पाहू?" आई गेल्यापासून ते एकटेच राहतात, तरी गाव सोडायला तयार नाहीत. महिनाभर आमचं यावर वाजलं. शेवटी मी म्हणाले, ठीक आहे, तुमच्यासाठी डबा मी बनवते. लाइन कशीही असो, आत बॅटरी राहील आणि तुमच्या मशीनला सरळ वीज मिळेल. पण माझी एक अट आहे. तो डबा एकदा जरी बंद पडला, तर तुम्ही सामान बांधून नागपूरला यायचं, कायमचं.

"मंजूर," ते म्हणाले. इतक्या लवकर मंजूर झालं तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

डबा मी जीव ओतून केला. त्यात सिमकार्ड घातलं, म्हणजे लाइनच्या आणि आत साठवलेल्या व्होल्टेजचा दर मिनिटाचा आलेख माझ्या फोनवर यावा आणि पुरवठा तुटला तर लाल ठिपका दिसावा. प्रयोगशाळेत तो झकास चालला. मार्चच्या शेवटी गावी नेऊन बसवला आणि त्या दिवसापासून माझं जेवण, झोप, मीटिंग सगळं त्या फोनभोवती फिरू लागलं. दर दहा मिनिटांनी मी तो आलेख बघायची. ऑफिसातल्या मुलींना वाटलं मी शेअर बाजारात उतरले.

पहिल्याच बुधवारी दुपारी दोन वाजून गेल्यावर लाल ठिपका आला. फोन लावला, तर वाजत राहिला. पुन्हा लावला. चौथ्या खेपेला त्यांनी उचलला. आवाज बारीक होता. म्हणाले, "काही नाई वं. धूळ पुसासाठी मीच बटन बंद केलं व्हतं. तू आपलं काम कर."

मी मान्य केलं. पण आलेखात ठिपक्याच्या आधी साठवलेला व्होल्टेज चारशेवरून धाडकन खाली गेलेला दिसत होता, आणि तो मला स्वस्थ बसू देईना. रविवारी मी लॅपटॉप घेऊन गावी गेले आणि त्या दुसऱ्या राखणदाराचा वेग वाढवला. चारशेचे तीनशे नव्वद झाले तरी त्यानं धावलं पाहिजे. शिवाय एक गोष्ट आणखी घातली, की लाइन पडायला लागली रे लागली, की त्याच क्षणी जास्त प्रवाह ओढायचा, खड्डा पडूच द्यायचा नाही. परीक्षेत लिहिलेलं मला आठवत होतं. पण हा माझा बाप होता, आणि बापाच्या बाबतीत संथपणा मला गुन्हा वाटत होता.

त्यानंतर एकही लाल ठिपका आला नाही. लाइनचा दुपारचा व्होल्टेज, जो तिथे नेहमी आपटी खायचा, दोनशेच्या वर सरळ रेघेत राहिला. तीन आठवडे. मी ऑफिसात चहाचा कप हातात धरून सगळ्यांना समजावून सांगितलं, की पुस्तकं जरा जास्तच घाबरट असतात, वेग वाढवला तरी चालतं. आमचे साहेब खूश झाले, म्हणाले, चार्जरच्या नव्या मालात हेच सेटिंग टाकू. आता लिहिताना कानशिलं तापतात. माझा डबा लाइनचा व्होल्टेज वर उचलू शकतच नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. दुपारी लाइन सुधारली होती, तर ती दुसऱ्या कशानं तरी सुधारली होती. पण एकदा आनंद झाला की मी प्रश्न विचारायचं सोडते, हा माझा दुसरा दुर्गुण.

एप्रिलातल्या एका गुरुवारी ऑफिसातली चाचणीची मशीन बिघडली आणि मी दुपारी मोकळी झाले. कुणाला न सांगता गाडी काढली आणि सावनेरवरून गावाकडे निघाले. ऊन असं, की स्टिअरिंगला हात लावता येईना. गावाजवळ आले तेव्हा एक वाजून गेला होता. त्या महिन्यात शेतीची थ्री फेज लाइन दिवसा होती, म्हणजे या वेळी सगळ्या विहिरींवर मोटरा चालू असायला हव्यात. लहानपणापासून तो घूं-घूं आवाज माझ्या कानात आहे. मी काच खाली केली. लांब कुठेतरी दोनच मोटरा वाजत होत्या.

आमच्या शेजारच्या काकू बांधावरच्या बाभळीखाली बसल्या होत्या, समोर त्यांचा उन्हाळी भुईमूग. पानं कोमेजून खाली लोंबत होती. मी गाडी थांबवली.

"काकू, लाइन हाय न? मग मोटर काहून बंद?"

"आमची पाळी अडीचले हाय वं. आता वरच्या दोघाइच्या चालू हायेत."

"पाळी कशाची?"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं. "तुह्या बाबाच्या मशीनची. दोनच्या वर मोटरा लागल्या का त्याचा डब्बा फडफडते न. तुले नाई मालूम?"

मी विचारलं, कधीपासून.

"त्या बुधवारपासून. त्या रोजी तं तुह्या बाबाचे ओठ निळे पडले व्हते. आमचे हे पळत गेले अन् साऱ्याइच्या मोटरा बंद केल्या. तुले सांगू नका म्हने कोनी." त्यांनी भुईमुगाकडे हात केला. "पाह्य न, कसा सुकून राहिला. पन भुईमूग पुढच्या सालीबी पेरता येते."

मी बांधावर बसले. निळे ओठ मला फोनवर लाल ठिपका म्हणून दिसले होते, आणि धुळीची गोष्ट ऐकून मी समाधानानं जेवायला बसले होते. आमच्या लाइनवर मोटरा असलेल्या आठ घरांनी तीन आठवडे आपलं पाणी अर्ध्यावर आणलं, आणि त्या रेघेवर मी ऑफिसात भाषण दिलं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, अर्थातच बाबांचा. चूक माझी असली की मला आधी दुसऱ्याचा राग येतो.

घरात गेले. बाबा खाटेवर बसलेले, नाकाला नळी, नजर कॉन्सन्ट्रेटरवरच्या काचेच्या नळकांडीकडे. तिच्यात एक लहानशी गोळी हवेवर तरंगते, हवा कमी झाली की खाली बसते. दाराच्या आतल्या बाजूला खडूनं तक्ता काढलेला होता, कुणाची मोटर कधी. अक्षर लाइनमनचं, ठळक आणि सरळ.

मी ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये एवढं कळतं मला, तरी ओरडले. काहून नाही सांगितलं, तुम्ही मेला असता तर, मी फोनवर रेघ बघत बसले असते का. ते सावकाश उठले, दोरीवरचे दोन सदरे काढले आणि पिशवीत घालायला लागले. दाढीचं सामान घेतलं. नळी मागे फरफटत येत होती.

"हे काय?" मी विचारलं.

"मशीन बंद पडली तं नागपूर. तूच म्हनलं व्हतं. बोललो तं बोललो." त्यांना दम लागला. "तिथं मी जास्त दिवस जगन, मालूम हाय मले. पन काहून जगन, ते नाई मालूम."

एवढं ऐकलं आणि माझा राग पुरता उतरला. खरं बोललं की घर सुटणार, अशी अट मी एका माणसावर घातली होती आणि वर त्याच माणसाला विचारत होते, की सगळं ठीक आहे ना. ज्याच्या तोंडून मला खबर मिळायची, त्याचंच तोंड मी बंद करून ठेवलं होतं. धंद्यात असं कुणी केलं असतं, तर मी त्याची सालटी काढली असती.

मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली. "बसा. अट गेली. नागपूर नाही. पण जे होते ते सांगायचं मले."

"अन् सांगतलं का तू रडशीन."

"रडीन. तुमी सांगा."

ते बसले, पण विश्वास बसल्यासारखं दिसलं नाही.

तिथूनच साहेबांना फोन केला आणि सांगितलं की ते सेटिंग चुकीचं आहे, माल थांबवा. ते काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग रजा टाकली. पारशिवनीला जाऊन ऑक्सिजनचं भरलेलं सिलिंडर आणलं. दुसऱ्या दिवशी बाबांना सिलिंडरवर ठेवलं, डब्याला कॉन्सन्ट्रेटरऐवजी बल्बांची माळ लावली आणि काकूंना म्हटलं, आज सगळ्यांना मोटरा लावू द्या.

तिसरी मोटर लागली आणि बल्ब फडफडायला लागले. डबा लाइन सोडायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा सोडायचा. बॅटरी भरायला सवड मिळेना, ती रिकामी होत चालली. माझ्या समोर स्कोपवर, विजेची लाट दाखवणाऱ्या पडद्यावर, सगळं नाचत होतं आणि मी आकडे लिहीत सुटले होते. बाबांनी फक्त बल्बांकडे बघितलं.

"तुहा डब्बा लाइन पडली का जास्त मांगते," ते म्हणाले.

"व्हय. आत कमी पडू नये म्हणून."

"त्यानं लाइन अजून पडते. मंग तो अजून मांगते." त्यांनी श्वास घेतला. "पडत्या लाइनले कोनी जास्त मांगते का? आमी तं लोड काढत व्हतो."

आयुष्य खांबावर काढलेल्या माणसानं माझा तीन आठवड्यांचा दोष दोन वाक्यांत मांडला. आमचं घर लांबलचक बारीक वायरीच्या टोकाला, त्यामुळे डब्याच्या स्वतःच्या ओढीनंच तिथला व्होल्टेज त्या पहिल्या बुधवारपासूनच आणखी बसत होता, आणि मी त्याला अजून जोरात ओढायला शिकवलं होतं. माझ्या काळजीला मी प्रोग्राममध्ये बसवलं होतं, दुसरं काय.

तीन दुपारी मी ओसरीवर बसून सगळं बदललं. दुसऱ्या राखणदाराला संथ केलं. लाइन पडली की मागणं कमी करायचं, उरलेलं बॅटरीतून घ्यायचं, असं त्याला बजावलं. मोटरांमुळे लाइनच्या लाटेचा आकारही चेपलेला येत होता, म्हणून प्रवाहाला त्या चेपलेल्या आकारामागे न लावता, डब्यानं आतच काढलेल्या स्वच्छ आकारामागे लावलं. लिहायला सोपं आहे. वेगाचा आकडा कमी करताना माझं बोट दर वेळी थोडा मोठा आकडा टाइप करायचं. मी खोडायची. बाबा बघत असायचे, आणि एकदा म्हणाले, "तुही आईबी भात दहादा झाकन काढून पाहे."

सोमवारी खरी परीक्षा ठेवली. मी बल्ब लावायला घेतले, तर त्यांनी अडवलं.

"मशीन लाव. मी बसतो."

"नाही बाबा."

"बल्ब काय सांगन तुले? त्याले फुप्फुस हाय का?"

मी सिलिंडर खाटेला टेकवून ठेवलं, नळी हाताशी, बोटाला ऑक्सिमीटर. काकू अंगणाच्या टोकाला उभ्या राहिल्या. त्या हात वर करायच्या आणि पलीकडे एक मोटर सुरू व्हायची.

तीन झाल्या. लाइन दोनशेखाली आली. चार. डबा एकाच सुरात गुणगुणत होता. पाच लागली तशी मी बाबांच्या ओठांकडे बघितलं, मग ऑक्सिमीटरकडे, मग पुन्हा ओठांकडे. सहा. चारशे व्होल्ट खाली-वर होत होते आणि माझा हात लॅपटॉपकडे जात होता. तो हात मी मांडीखाली दाबून धरला. सात. बॅटरीनं आपला वाटा उचलायला सुरुवात केली. मग आठवी लागली, आणि लाइन मी तिथे कधी पाहिली नव्हती इतकी खाली गेली. डब्याचा सूर किंचित बदलला आणि पुन्हा होता तसा झाला.

पाच मिनिटं गेली. दहा. सगळ्या शेतांतून मोटरांचा आवाज येत होता, तीन आठवड्यांनी. फोनवर ठिपका नव्हता. स्कोपवर मी जिथे बघत होते तिथे सगळं ठीक होतं. काकू ओसरीवर आल्या, पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "जमलं वं बाई. आता जातो, पाणी पाहासाठी." मला हसू आलं आणि डोळेही भरले.

बाबांनी बोट वर केलं. काकू दारात थांबल्या.

"आठवी लागली तवा गेलं व्हतं," ते म्हणाले.

"काय गेलं?"

"हवा. गोळी खाली बसली व्हती."

मी फोन बघितला, मिनिटाचा आकडा व्यवस्थित होता. तिथे काहीच दिसत नव्हतं आणि दिसलंही नसतं. "किती वेळ?"

त्यांनी डोळे मिटून आठवलं. "दोन श्वास."

ते गप्प राहिले असते, तर कुणाला कळलं नसतं. बाहेर आठही मोटरा चालू होत्या, लोक खूश होते, मी हसत होते. नागपूर हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, खोटं कशाला सांगू. ते माझ्या तोंडाकडेच बघत होते.

मी लॅपटॉप मांडीवर ओढला आणि काकूंना म्हणाले, आठवी बंद करायला सांगा. स्कोपची वायर मशीनकडे जाणाऱ्या विजेवर वळवली आणि बाबांना विचारलं, "पुन्हा लावू का आठवी?"

"लाव," ते म्हणाले, आणि नळी नाकाशी नीट केली. "गेली तं सांगतो मी."